दगडांच्या खोलीवरची पाटी

बाई, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मला अजून नीट रडताही आलेलं नाही. रडायला बसलं की आधी संताप येतो.

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. टेबलावर तुमचा हार घातलेला फोटो, आणि त्यात तुम्ही हसताय. इतक्या वर्षांत तुम्ही फोटोसाठी कधी हसल्याचं मला आठवत नाही. हा कुठून पैदा केला देव जाणे. प्राचार्य उठले आणि म्हणाले, "बाई अजातशत्रू होत्या." अजातशत्रू! तुम्ही समोरून येताना दिसलात की निम्मा स्टाफ जिना बदलायचा. पुढे म्हणाले, बाईंचा दगडमातीचा अभ्यास मोठा होता. म्हणजे तुम्ही गवंडी होतात, असंच समोरच्या पोरांना वाटलं असणार. मग दोन मिनिटांची शांतता झाली, ती एका मिनिटात उरकली, आणि लगेच त्यांनी घोषणा केली. तळमजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. पितळी पाटी तयार आहे. शनिवारी अनावरण. पडद्याची दोरी ओढणार बाईंच्याच विद्यार्थिनी, आज आयटीत मोठ्या पदावर असलेल्या वैशालीताई. म्हणजे मी. टाळ्या वाजल्या. मी हो म्हटलं की नाही तेही मला आठवत नाही.

तळमजल्यावरची कॉम्प्युटर लॅब म्हणजे आपली दगडांची खोली, बाई. तुमचे दगड बाहेर काढले म्हणून रिकामी झालेली. त्याच दारावर आता तुमचं नाव! शनिवारला तीन दिवस आहेत आणि त्या दोरीचं काय करायचं ते मला ठरवायचंय. तुमच्याशी भांडल्याशिवाय माझं काही ठरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले.

मी यवतमाळहून तुमच्या वर्गात आले तेव्हा कर्वेनगरात चार मुलींत एक खोली होती आणि तोंड उघडायची भीती होती. 'मी येऊन राहिली' म्हटलं की वर्ग फिस्सकन हसायचा. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही लाकडी ट्रेमधून एक काळा, बदामाच्या आकाराचा दगड उचलून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "धर. नीट बसेपर्यंत फिरव." उजव्या हातात तो बसेना, सारखा बोचायचा. डाव्यात घेतला आणि अंगठ्याला बरोबर खोबण सापडली.

"डावरी आहेस?" तुम्ही विचारलंत.

मी घाबरले. डाव्या हाताने जेवते म्हणून घरी मार खाल्ला होता.

"मग हा घडवणाराही तुझ्यासारखाच असणार," तुम्ही म्हणालात, आणि लगेच, "हे सिद्ध करता येत नाही. वहीत लिहू नकोस."

मी वहीत लिहिलं नाही. पण बाप्पा, काय वाटलं होतं मला तेव्हा! आपल्यासारखा माणूस अजून जन्मालाच आला नव्हता, त्याच्याही आधीचं कुणीतरी घोडनदीच्या काठी बसून दगडावर दगड हाणत होतं, धार निघाली का ते अंगठ्याने बघत होतं, आणि त्याचा अंगठा जिथे टेकला तिथे लाखो वर्षांनी माझा टेकला. पुण्यात मला भेटलेला तो पहिला नातेवाईक. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्ही म्हणाला असतात, भावुक होऊ नकोस, ट्रे जागेवर ठेव.

मग नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर बारीक म्हणून. नदीतून आणलेला दगड धुवायचा, सावलीत वाळवायचा, कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, त्यावर काळ्या शाईने लिहायचं: कुठली नदी, कुठलं गाव, कितवा थर, कितवा दगड. वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा हात. तुम्ही, ज्यांनी आयुष्यात कुंकवापलीकडे काही लावलं नाही, तुळशीबागेतून त्या बाटल्यांचा आख्खा डबा उचलायचात. दुकानदाराने एकदा धीर करून विचारलं, "बाई, घरात लग्न काढलंय का?" तुम्ही म्हणालात, "हो. नवरामुलगा जरा वयस्कर आहे." तो बिचारा अभिनंदन म्हणाला.

नंबरावरून मात्र तुम्ही थट्टा खपवून घेत नव्हतात. इथल्या मातीत त्या माणसांची हाडं टिकली नाहीत. त्यांचं घर नाही, भांडं नाही, बोललेला एक शब्द नाही. आपल्या या मुलखात त्यांचं म्हणून जे उरलंय ते एवढंच, हातात मावणारे दगड. आणि दगड कुठल्या थरातला हे कळलं नाही तर तोही मुका. वाघोलीच्या पुढे नदीकाठी आपण उन्हात बसलो होतो, पलीकडे खडीचं क्रशर धडधडत होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "या क्रशरमधून रोज किती पूर्वज जात असतील कुणास ठाऊक." मी हसले. तुम्ही डबा उघडून मला थालीपीठ दिलंत.

तुमच्या त्या कुलवृत्तांताचं प्रकरण मला काल सभेत सारखं आठवत होतं. तुमच्या कुळातल्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं गोळा करून जाड ग्रंथ काढायचा घाट घातला, आणि घरात इतिहासाच्या प्राध्यापक आहेत म्हणून 'मूळ पुरुष' हे पहिलं प्रकरण तुमच्याकडे आलं. तुम्ही चार पानं लिहिलीत. सुरुवात आफ्रिकेपासून. 'मूळ पुरुषाचे नाव उपलब्ध नाही. मूळ स्त्रीचेही नाही. गोत्र विचारू नये.' समितीचे एक आजोबा काठी टेकत घरी आले. मी तेव्हा तुमच्या टेबलाशी दगडांवरची शाई वाळवत बसले होते.

"अहो, आपण कोकणातून वर आलो," ते म्हणाले. "आफ्रिका कुठून काढलीत?"

"कोकणात उतरायच्या आधी कुठे होतो, तेवढंच लिहिलंय," तुम्ही म्हणालात.

"लोक काय म्हणतील?"

"लोकही तिथूनच आलेत. आपण काय म्हणणार?"

मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते. ग्रंथ छापून आला त्यात तुमचं प्रकरण नव्हतं. तुमचा फोटो मात्र होता, पानभर, खाली 'कुळातील विदुषी'. तुम्ही तो ग्रंथ मला दाखवलात आणि म्हणालात, "बघ, चेहरा चालतो." मला तो विनोद वाटला. तुम्हाला किती लागलं होतं ते माझ्या डोक्यात शिरायला काही वर्षं गेली. आणि काल पितळी पाटीचं ऐकलं तेव्हा पुन्हा तेच, बाई. नाव चालतं. फोटो चालतो. फक्त तुम्ही जन्मभर जे सांगत होतात ते तेवढं नको.

आपलं ते टी-शर्टवरचं भांडण तर राहूनच गेलं. एम.ए. झाल्यावर मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. तेव्हा सगळं पुणंच तो कोर्स करत होतं. मला नोकरी लागली, काचेची बिल्डिंग, गळ्यात पट्टा. तुम्ही अडवलं नाहीत. "घरी पैसे पाठवता येतील ना? मग जा," एवढंच म्हणालात. पहिल्याच वर्षी कंपनीने टी-शर्ट वाटले, आणि मी मूर्ख तो घालून तुमच्याकडे जेवायला आले. छातीवर ती नेहमीची रांग: वाकलेलं माकड, अर्धं उभं राहिलेलं, भाला घेतलेला माणूस, आणि शेवटी कॉम्प्युटरपुढे बसलेला.

तुम्ही आमटीची वाटी खाली ठेवलीत. "हा शेवटचा कोण?"

"प्रोग्रामर, बाई."

"अस्सं. म्हणजे बाकीचे सगळे याच्यासाठी खपले."

"बाई, गंमत आहे ती."

"यात गंमत कुठे आहे ते दाखव. ती माणसं तुमची कच्ची वही नव्हती गं. आपण जेवढे दिवस इथे आहोत त्याच्या कितीतरी पट दिवस ती इथे राहिली, या नद्यांच्या काठी, काही न बिघडवता. रांग नाही ती. झाडाला फांद्या फुटतात तशी ती माणसं फुटली, बहुतेक फांद्या वाळून गेल्या, एक उरली. उरली म्हणून ती शहाणी ठरत नाही."

मीही तेव्हा पगाराच्या मस्तीत होते. म्हटलं, "पण आपण पुढे आलोच ना? त्यांनी लाखो वर्षं तीच एक दगडी कुऱ्हाड घडवली. आमचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत जुनं होतं."

"आणि ही तू कौतुकाची गोष्ट म्हणून सांगतेस?"

मग तुम्ही मला भात वाढलात. भांडण तिथेच थांबलं, पुढच्या वेळी पुरं करू म्हणून. पुढच्या वेळा बऱ्याच आल्या. दर वेळी मी घाईत होते. आजही वाद घालायची खुमखुमी तेवढीच आहे, आणि तुम्ही मात्र निघून गेलात. हे काही बरोबर नाही, बाई.

मग तुम्ही निवृत्त झालात. विभागात नवीन माणूस नेमलाच नाही. कॉलेजला नवा कॉम्प्युटर कोर्स हवा होता, त्याला तळमजल्याची मोठी खोली हवी होती. ट्रे उपसून दगड पोत्यांत भरले. पोत्यांत! ज्या दगडांना आपण कापडात गुंडाळून एसटीने मांडीवर घेऊन आणलं, ते बटाट्यासारखे पोत्यांत ओतले आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली रचले. पुढे स्टँडचं पार्किंग करायचं ठरलं. जमीन खोलगट होती, भराव हवा होता. कॉन्ट्रॅक्टरने विचारलं, ही पोती कसली? कुणीतरी सांगितलं, दगड आहेत. त्याचा तरी काय दोष? दगड म्हटल्यावर त्याने भरावात टाकले, रोलर फिरवला, वर सिमेंटचे ब्लॉक बसवले. पांढऱ्या ठिपक्यांसकट, माझ्या अक्षरासकट. लाखो वर्षं पुराने वाहून नेले नाहीत, नांगराने फोडले नाहीत, ते एका कॉलेजने एका दिवसात संपवले, आणि ते कॉलेज काल व्यासपीठावर म्हणत होतं की बाईंचा वारसा आम्ही जपू. माझ्या शेजारी आपले मामा बसले होते, विभागाची किल्ली जन्मभर कनवटीला लावून फिरणारे आपले शिपाई. ते 'वारसा' ऐकून खोकायला लागले आणि खोकतच बाहेर गेले.

सभेला मी गाडीने आले होते. गाडी कुठे लावली असेन? त्याच पार्किंगमध्ये, बाई. नेहमीसारखी.

वरचं सगळं काल लिहिलं. आज सकाळी ऑफिसला न जाता मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, ती पाटी लावू नका. ते चांगले गृहस्थ आहेत, चार वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. मी सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा, बाहेरच्या क्लार्कबाई दारात येऊन डोकावून गेल्या.

"मॅडम, आम्ही आपला सन्मान म्हणून करतोय," ते म्हणाले.

"बाईंना सन्मान नको होता. दगड हवे होते."

"अहो, पण हे तर फार वाईट झालं." ते खरंच हळहळले. मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्ही कुणी विद्यार्थी आला नाहीत का?"

बाई, आता जे लिहिते ते मी काल टाळलं.

पोती भरावात गेली त्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी तुमचा फोन आला होता, कंपनीत. तुम्ही कंपनीत कधी फोन करत नव्हतात. म्हणालात, "वैशाली, उद्या रविवारी येशील का? दोन तासांचं काम आहे. सोमवारी पार्किंगचं काम सुरू होतंय, त्याआधी पोती माझ्या घरी आणायचीत. तुझ्या ओळखीचा एखादा टेम्पोवाला असेल तर बघ." वायटूकेचे दिवस होते, सन दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर तारखा चुकणार म्हणून सगळे घाबरलेले. सगळं जग बंद पडणार आणि ते आम्हीच वाचवणार, अशी हवा होती. मी म्हटलं, "बाई, या रविवारी शक्यच नाही हो. रिलीज आहे. पुढच्या रविवारी नक्की." तुम्ही म्हणालात, "बरं." तेवढंच. जगाला टोमणे मारणाऱ्या बाई तुम्ही, मला एक टोमणा का नाही मारलात? एकदा म्हणायचं होतंत की नाही, पुढच्या रविवारी काय करणार आहेस, कपाळ? मी आले असते. शिव्या घातल्या असत्यात तर धावत आले असते!

आणि पुढच्या रविवारी मी आलेच नाही, कारण तोवर तुम्ही कळवलं होतंत की काम झालं. मी समजले, पोती घरी आली. खरं काय ते महिन्याने कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. मी तुमच्याकडे येऊन कॉलेजच्या नावाने खूप आरडाओरडा केला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि चहा टाकलात. त्या फोनविषयी तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. इतकी वर्षं.

परवा, सभा झाल्यावर, मामांनी मला फाटकाशी गाठलं. म्हणाले, "ताई, आता बाई न्हाईत, म्हनून सांगतो. त्या रविवारी बाई एकट्याच आल्या हुत्या. मी म्हनलं, वैशालीताई कुठं हाय? तर म्हनल्या, तिचं लई मोठं काम हाय. आमी दोघांनी दोन पोती रिक्षात घातली. तिसरं उचलताना बाईंचा गुडघा धरला. पायरीवरच बसल्या. मग म्हनल्या, ऱ्हाऊ द्या मामा. आनि मला शपथ घातली, वैशालीला यातलं काय बोलायचं न्हाई."

ती दोन पोती तुमच्या पलंगाखाली होती. त्या पलंगावर बसून मी वर्षानुवर्षं माझ्या प्रमोशनच्या गोष्टी सांगितल्या, वारज्याच्या फ्लॅटचे फोटो दाखवले. तुम्ही कौतुक केलंत. खालचं पोतं पायाने मागे सरकवून कौतुक केलंत, असंच ना? तुमची भाची म्हणते, घेऊन जा. आणणार आहे. पण मला राग आलाय, बाई, तुमचा. तुम्ही मला वाचवलंत, कुणी सांगितलं होतं वाचवायला? दगडांना माझी गरज होती, आणि तुम्ही माझी लाज झाकत बसलात.

केबिनमध्ये प्राचार्य माझ्याकडे बघत होते. त्यांचा प्रश्न तसाच होता. मी म्हटलं, "बाईंनी मला बोलावलं होतं. मी आले नाही." हे वाक्य मी आजपर्यंत कुणापुढे उच्चारलं नव्हतं. आवाज एकदम खाली आला आणि मग रडू फुटलं, बारा-तेरा दिवसांचं एकदम. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

पाणी प्यायले आणि त्यांचाच पॅड ओढून लिहिलं. तुमचं पूर्ण नाव, आणि पुढे: 'या खोलीत यांनी जन्मभर जमवलेली, माणसाच्या पूर्वजांची दगडी हत्यारे होती. कॉम्प्युटरसाठी जागा हवी म्हणून कॉलेजने ती बाहेर काढली आणि पार्किंगच्या भरावात घातली. बाईंनी एका विद्यार्थिनीला मदतीला बोलावले होते. ती आली नाही.' त्याखाली माझं नाव घातलं, आडनावासकट.

"मॅडम, अशी पाटी कुणी लावतं का हो?"

"नसतील लावत. पण लावायची तर हीच लावा, दोरी ओढायला मी येते. नाहीतर त्यांचं नाव त्या दारावर नको."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिले. तिथे पोरांच्या मोटारसायकली लागल्या होत्या.

"किती पोती होती?" त्यांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही, बाई. त्या दिवशी फोनवर मी तेवढंही विचारलं नव्हतं.